गायरान उजाड झाले आहे, कडब्याची गंज वर्षभर पुरत नाही. सुरुवात कुठून करावी?

प्रश्न – कोरडवाहू शेतकरी, आष्टी तालुका, जि. बीड

नमस्कार. आमचे गाव बालाघाटाच्या पठारावर आहे. सहा एकर कोरडवाहू जमीन, जानेवारीपर्यंत कशीबशी टिकणारी विहीर, दोन संकरित गायी, एक बैलजोडी आणि बारा उस्मानाबादी शेळ्या एवढा माझा प्रपंच आहे. वडिलांच्या काळी आमच्याकडे चार एकर रब्बी ज्वारी असे आणि मार्चमध्ये रचलेली कडब्याची गंज पुढच्या सुगीपर्यंत पुरून वर थोडी उरत असे. आता ज्वारी काढायला माणसे मिळत नाहीत, म्हणून ती दोन एकरांवर आली आणि बाकीच्या रानात सोयाबीन व तूर गेली. परिणामी गंजीचा तळ पोळ्याच्या आधीच दिसू लागतो आणि ज्या वर्षी परतीचा पाऊस दगा देतो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तो मे महिन्यातच दिसतो. त्यानंतर सोयाबीनचे भुसकट, विकतचे उसाचे वाडे आणि उधारीवरचा कडबा यांवर दावण चालवावी लागते. दुधाचे जे पैसे येतात ते वैरणीत जातात.

गावाला सुमारे ९० एकर गायरान आहे. माझ्या लहानपणी दिवाळीच्या सुमारास त्या माळावर गुडघाभर गवत उभे असे आणि लोक विळे घेऊन कापायला जात. आज तिथे कुसळी, तरोटा आणि गाजरगवत आहे, ओढ्याच्या कडेने वेडी बाभूळ पसरली आहे आणि बाकी सगळा उघडा मुरूम आहे. पहिला पाऊस पडून हिरवे दिसू लागले की आठवड्याच्या आत गावातली सगळी जनावरे त्यावर तुटून पडतात. काही वर्षांपूर्वी तिथे झाडे लावण्यासाठी यंत्राने रांगेने खड्डे काढले गेले. झाडे थोडीच जगली, पण होते नव्हते ते गवतही उखडले गेले.

यंदा ग्रामसभेत गायरानाचा विषय येणार आहे. तरुण मंडळींचे म्हणणे असे की पाच वर्षे पूर्ण चराईबंदी करावी. गावात मेंढ्या पाळणारी बारा घरे आहेत, त्यांचा याला ठाम विरोध आहे, आणि त्यांच्या बाजूनेही विचार केला तर ते चुकीचे बोलत आहेत असे मला वाटत नाही. ज्यांनी अशा कामाचा प्रत्यक्ष अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया सांगावे की एवढा खराब झालेला माळ पुन्हा उभा राहू शकतो का, चराईबंदीशिवाय दुसरा मार्ग आहे का, आणि तोपर्यंत माझ्यासारख्याने स्वतःच्या रानात काय करावे?

उत्तर १ – निवृत्त पशुधन विकास अधिकारी, अहिल्यानगर

आपला प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण वैरणीच्या टंचाईची चर्चा बहुधा बियाण्याच्या जातीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. गायरानाकडे कोणी वळत नाही. माझ्या नोकरीचा बराच काळ दुष्काळी तालुक्यांत गेला. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा माळ मेलेला नाही.

झाशीच्या भारतीय चराऊ कुरणे आणि चारा संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये देशातील गवताळ प्रदेशांचे पाच मोठे प्रकार मांडले. आपले दख्खनचे पठार त्यांतल्या शेडा आणि मारवेल या गवतांच्या पट्ट्यात येते. म्हणजे पठारावरच्या माळाला मोकळा श्वास मिळाला तर तिथे शेडा, पवना, मारवेल यांसारखी बारमाही, गोड, जनावरांच्या आवडीची गवते येतात. चराईचा ताण वाढत गेला की जनावरे आधी हीच गवते मुळापर्यंत खातात, त्यांना बी धरायला सवड मिळत नाही आणि त्यांची जागा कुसळी घेते. ताण तसाच राहिला तर कुसळीही मागे हटते, हंगामी बारीक गवते येतात आणि शेवटी तरोटा व गाजरगवत. तुमचे गायरान या उतरंडीच्या खालच्या पायरीवर आहे, पण ज्या वाटेने ते खाली आले त्याच वाटेने, सवड मिळाल्यास, वर चढते.

कुसळी म्हणजे निरुपयोगी गवत, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. फुलोऱ्यापूर्वी ती जनावरे आवडीने खातात. दसऱ्यानंतर तिच्या तुऱ्यांची कुसळे एकमेकांत गुंतून काळ्या जटांसारखी दिसू लागतात, तेव्हा ती मेंढीच्या लोकरीत आणि जनावराच्या तोंडात रुततात. सुकले की कुसळ पिळवटते आणि दव किंवा ओल लागली की उलगडते. याच हालचालीने तिचे टोकदार बी जमिनीत शिरते आणि त्याच हालचालीने कातडीतही शिरते. म्हणून कुसळीचा माळ फुलोऱ्यापूर्वी चारून किंवा कापून घ्यायचा असतो, आणि मारवेलाचा माळ बी पडेपर्यंत राखायचा असतो. एकाच गायरानात हे दोन वेगळे नियम लागू होतात, हे ग्रामसभेत अवश्य सांगावे.

तुमच्या माळावर मारवेल उरले आहे की नाही, हे आधी पाहा. ओघळीच्या कडेने, दगडांच्या आडोशाला, काटेरी बोरीच्या बुंध्याशी, म्हणजे जिथे जनावराचे तोंड पोहोचत नाही अशा ठिकाणी, खाली वाकून गवताच्या काडीची गाठ बघावी. गाठीभोवती पांढऱ्या लवेचे कडे असेल आणि शेंड्याला हाताच्या बोटांसारखे एका ठिकाणाहून फुटलेले तुरे असतील तर ते मारवेल आहे. अशी बेटे जिथे दिसतील तिथूनच कुरण परत उभे राहील. जो भाग सर्वांत उजाड तिथून सुरुवात करण्याचा मोह होतो, तो टाळावा.

आता चराईबंदीबद्दल. हिवरे बाजार, राळेगणसिद्धी यांसारख्या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली आणि त्यांचे माळ हिरवे झाले, हे खरेच आहे. पण तिथे बंदीबरोबर पाणलोटाचे काम झाले, गवत कापून नेण्याची मुभा राहिली आणि निर्णय गावाने स्वतः घेतला होता. कागदावरची पाच वर्षांची सरसकट बंदी मी अनेक गावांत एका पावसाळ्यात मोडलेली पाहिली आहे. त्याऐवजी गायरानाचे चार भाग करावेत. दरवर्षी एक भाग जूनपासून बी पडेपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबरअखेरपर्यंत, पूर्ण बंद ठेवावा आणि त्यानंतर तिथले गवत विळ्याने कापून वाटून घ्यावे. उरलेल्या तीन भागांवरही पहिल्या पावसाबरोबर जनावरे सोडू नयेत. गवताचा कोंब जमिनीतून वर येतो तो मुळातल्या साठ्यावर. पाने पुरेशी फुटण्याआधीच तो खुडला गेला तर मूळ रिकामे होते, आणि दोन-तीन वर्षे असेच होत राहिले की ठोंब मरतो. गवत वीतभर झाल्यावर जनावरे आत घ्यावीत, तोवरचे तीन-चार आठवडे दावणीला वैरण द्यावी. सगळ्या योजनेचा कस याच तीन-चार आठवड्यांत लागतो. म्हणून गावाने आधी त्या काळापुरता कडबा राखून ठेवला पाहिजे. तो नसेल तर कोणताही ठराव टिकत नाही.

एक हिशेब आपण स्वतः करू शकता. तारेची एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट करा. माळावर वेगवेगळ्या दहा ठिकाणी ती टाका, आतले गवत जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापा, चांगले वाळवा आणि तोला. सरासरी १०० ग्रॅम भरले तर हेक्टरी १ टन वाळलेले गवत आहे असे समजावे. त्यातले निम्मेच जनावरांचे. निम्मे माळावर राहिले पाहिजे, नाहीतर माती उघडी पडते. साडेतीनशे किलो वजनाच्या जनावराला दिवसाला आठ ते नऊ किलो कोरडा चारा लागतो, मेंढीला साधारण एक किलो. भाषणापेक्षा हे आकडे ग्रामसभेत जास्त उपयोगी पडतील.

वृक्षलागवडीबद्दल आपण लिहिले आहे, त्यावर मला कळकळीने बोलायचे आहे. माळरान म्हणजे ओसाड, पडीक जमीन असे समजून त्यावर गिरिपुष्पासारखी झाडे दाट लावणे हे अनेक ठिकाणी गवताच्या मुळावर आले आहे. सोलापूरजवळचे नान्नज, कर्जत तालुक्यातले रेहेकुरी ही अभयारण्ये पाहिली की समजते की उघडे गवताळ रान हीच त्या भूमीची निरोगी अवस्था आहे आणि माळढोक, काळवीट, लांडगा ही त्याचीच प्रजा आहे. माळावर झाड हवेच असेल तर ते विरळ असावे आणि जनावराच्या उपयोगाचे असावे: हिवर, बोर, बाभूळ, आपटा, अंजन. चर खोदायचे असतील तर जिथे गवताचे ठोंब शाबूत आहेत ती जागा सोडून, समपातळीत आणि हाताने खोदावेत. रोजगार हमीच्या कामात हे बसवता येते.

कायद्याचे एवढेच सांगतो. गायरानाची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गुरचरणासाठी राखून ठेवलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध स्पष्ट निकाल दिला आणि त्याला अनुसरून राज्य शासनाने त्याच वर्षी १२ जुलैला निर्णय काढला. गायरानाची मोजणी आणि हद्द निश्चित झाली नसेल तर पहिला ठराव त्यासाठीच घ्यावा.

उत्तर २ – मेंढपाळ कुटुंबातील, पारनेर तालुका

वरील उत्तर फार चांगले आहे. तरीही मला मेंढपाळांच्या बाजूने काही मांडायचे आहे, कारण अशा चर्चांमध्ये आमच्याविषयी बोलले जाते, आमच्याशी बोलले जात नाही.

आमचा वाडा, म्हणजे एकत्र फिरणारी घरे आणि त्यांचे कळप, दिवाळीनंतर माळशेज घाट उतरून कल्याण, भिवंडीकडे जातो आणि पावसाच्या तोंडावर परत येतो. माझे आजोबा सांगत की वाट निवडताना आधी गवत बघायचे, मग पाणी, मग गाव. ज्या रानात मेंढरे बसली ते रान पुढच्या वर्षापर्यंत सोडायचे, हा नियम आमच्यात कोणी कागदावर लिहिला नव्हता. कळप मोठा असेल तर तसे केल्याशिवाय जगताच येत नव्हते. फिरता कळप एका जागी थोडे दिवस राहतो आणि पुढे जातो, म्हणून माळाला विश्रांती मिळते. वाटा बंद झाल्या, पडीक रानांची प्लॉटिंग झाली, बागायती वाढून कुंपणे आली, तेव्हा कळप एकाच गायरानावर अडकले आणि मग माळ आमच्या मेंढरांनी खाल्ला असे म्हटले जाऊ लागले. मेंढरे माळ खातात हे मी नाकारत नाही. पण जुलैमध्ये तुमच्या गायरानावर कोणाची किती जनावरे असतात हे एकदा मोजून पाहावे, एवढी विनंती आहे.

आमच्या गावातही पूर्ण चराईबंदीचा ठराव झाला होता. ज्या सभेत तो झाला त्या दिवशी आमची दहा घरे कोकणात होती. परत आल्यावर आम्हाला गायरानाच्या वाटेवर अडवले गेले, दंड लावला गेला, आणि माझ्या चुलत्यांनी त्या वर्षी चाळीस मेंढ्या विकल्या. त्या वर्षी गवत वाढले, हेही खरे आहे. पण ते दिवाळीनंतर कोणी कापायचे हे ठरलेच नव्हते. उभ्या गवताला फेब्रुवारीत वणवा लागला आणि सगळे एका दुपारी जळून गेले. ज्यांचा त्या गवताशी रोजचा संबंध होता त्यांनाच बाहेर काढले, तर वणवा विझवायला धावणार कोण?

म्हणून माझी सूचना अशी आहे की ग्रामसभा पावसाळ्यात, मेंढपाळ घरे गावात असताना घ्यावी. चार भागांपैकी कोणता भाग कधी बंद राहील हे त्यांच्याबरोबर माळावर उभे राहून ठरवावे. आणि राखणदार नेमायचा असेल तर तो मेंढपाळ घरातलाच असावा, कारण कोणत्या ओघळीला कोणते गवत कधी येते हे त्याला पाठ असते. बंद भागाच्या बदल्यात शेतकऱ्यांनी सुगीनंतर आपली रिकामी राने मेंढरे बसवण्यासाठी त्यांना द्यावीत. रात्रभर बसलेल्या कळपाचे लेंडीखत आणि मूत्र थेट रानात पडते, त्यासाठी पूर्वी शेतकरी धान्य देऊन आम्हाला बोलावत. हा व्यवहार पुन्हा उभा राहिला तर गायरानावरचा भार आपोआप कमी होतो.

पाण्याच्या जागेकडे जाणारी वाट मात्र कोणत्याही भागात बंद करू नये. सगळे तंटे तिथूनच सुरू होतात.

उत्तर ३ – दूध उत्पादक शेतकरी, सांगोला

गायरानाबद्दल वरच्या दोघांनी लिहिले आहे, त्यात मी भर घालू शकत नाही. मी फक्त आपल्या स्वतःच्या रानाबद्दल लिहितो.

२०१८-१९ च्या दुष्काळात माझी जनावरे चारा छावणीत होती. तिथे दावणीला बसून एक गोष्ट कळली. आपल्याकडे वैरण सर्वच महिन्यांत कमी नसते. ऑगस्ट ते नोव्हेंबर ती बांधावर वाळून जाते आणि एप्रिल ते जून ती नसते. तेव्हापासून मी वैरण पिकवण्याइतकाच ती साठवण्याचा विचार करतो.

आपल्या दोन दुभत्या गायींपुरता हिशेब मांडू. रोज प्रत्येकी १५ किलो मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण, द्यायचा आणि तो फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस पुरवायचा, तर ३,६०० किलो लागतो. एका घनमीटरात सर्वसाधारणपणे पाचशे ते सहाशे किलो मुरघास बसतो, म्हणजे दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि पाच फूट खोल एवढा एकच खड्डा पुरतो. त्यासाठी आफ्रिकन टॉल मका खरिपात दहा-बारा गुंठ्यांवर केली तरी भागते. सहा एकरांतले बारा गुंठे देणे आपल्याला अशक्य नसावे. दाणा चिकात असताना, नखाने दाबल्यावर दाट दूध येते त्या अवस्थेत मका कापावी, दोन सेंटीमीटरची कुट्टी करावी, थर देत पायाने किंवा ट्रॅक्टरने घट्ट दाबावी आणि वरून प्लास्टिक अंथरून माती टाकावी. हवा राहिली की बुरशी येते, यापलीकडे मुरघासात मोठे रहस्य नाही. ४५ दिवसांनी उघडावा. चांगल्या मुरघासाला आंबट-गोड वास येतो आणि रंग पिवळसर हिरवा असतो; काळा पडलेला, कुबट वासाचा भाग जनावराला घालू नये. खड्डा घेणे जमत नसेल तर पिशव्यांमध्येही मुरघास होतो, पण उंदरांपासून पिशव्या जपाव्या लागतात.

कडबा अख्खी पेंढी टाकून देत असाल तर ते आजच थांबवावे. जनावर पाने आणि वरचा बारीक भाग खाते, बुडखे पायाखाली तुडवते. कुट्टी करून गव्हाणीत घातला तर तोच कडबा कितीतरी जास्त दिवस जातो. सोयाबीनचे आणि गव्हाचे भुसकट निकस असते, त्यावर युरियाची प्रक्रिया करावी. १०० किलो भुसकटाला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथरावर झारीने शिंपडावा, दाबून रचावे आणि प्लास्टिकखाली २१ दिवस हवाबंद ठेवावे. उघडल्यावर थोडा वेळ पसरून अमोनियाचा वास जाऊ द्यावा आणि सुरुवातीला थोडे थोडे देऊन सवय लावावी. सहा महिन्यांखालील वासरांना हे देऊ नये, आणि युरियाचे पाणी किंवा पोते जनावराच्या तोंडाशी येणार नाही अशा ठिकाणी ठेवावे. आमच्या शेजाऱ्याची एक म्हैस त्याच कारणाने गेली. टिपात उरलेले पाणी ती प्यायली आणि डॉक्टर येईपर्यंत सगळे संपले होते. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण मापाच्या बाबतीत अंदाजपंचे काम करू नये.

उसाच्या वाड्यांबद्दल: त्यांतल्या ऑक्झलेटमुळे जनावराच्या शरीरातला कॅल्शियम बांधला जातो. सतत वाड्यांवर राहिलेल्या गायी माजावर येत नाहीत, याचे हे एक कारण आहे. वाडे घालावेच लागत असतील तर त्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, कडब्याबरोबर मिसळून द्यावेत आणि खनिज मिश्रण चुकवू नये. कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्याचा ताण बसलेली, फुलोऱ्यापूर्वी अजिबात घालू नये. तिच्यात विष असते.

विहिरीला जानेवारीपर्यंत पाणी आहे, तर पाच गुंठे संकरित नेपियर गवत लावता येईल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले जयवंत ही जात माझ्याकडे आहे. उन्हाळ्यात ती वाढायची थांबते, पण ठोंब जगतात आणि पहिल्या पावसाबरोबर फुटतात. मग वर साहेबांनी जे तीन-चार आठवडे सांगितले आहेत, त्यांत निदान आपली दावण तरी गायरानावर अवलंबून राहत नाही. नुसता नेपियर मात्र पुरे नाही, सोबत द्विदल हवे. पाणी असेपर्यंत थोडा लसूणघास करावा, बांधावर शेवरी आणि दशरथ घास लावावा. शेळ्यांना तो फार मानवतो.

उत्तर ४ – गवत बियाणे उत्पादक, राहुरी

थोडक्यात लिहितो. गायरानाच्या मुरमाड भागासाठी स्टायलो हे द्विदल अवश्य घ्यावे. हवेतला नत्र ते जमिनीत आणते, नुसत्या गवताला ज्या प्रथिनांची उणीव असते ती भरून काढते आणि एकदा बी पडले की स्वतः पुन्हा उगवते. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत ते टिकत नाही. त्याच्या बियाचे कवच कठीण असते, म्हणून अनेकांचे बी उगवतच नाही आणि दोष बियाण्याला दिला जातो. सुमारे ८० अंश तापलेल्या पाण्यात बी चार मिनिटे ठेवून नंतर रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, सावलीत सुकवावे आणि पेरावे. हेक्टरी दहा किलो पुरते.

मारवेल बियापेक्षा ठोंबांनी लवकर बसते. बी हलके, लवदार असते आणि वाऱ्याने उडते; पेरायचेच असेल तर ओलसर माती आणि शेणखतात कालवून, अगदी वरचेवर, अर्ध्या बोटापेक्षा खोल न जाऊ देता पेरावे. ठोंब मात्र पाऊस लागल्यावर दीड फुटाच्या ओळीत लावले की त्याच वर्षी जम बसतो. बाहेरून ठोंब आणण्याआधी आपल्याच माळावरची बेटे फोडून लावावीत. ती त्या मातीत टिकून राहिली आहेत.

मूळ प्रश्नकर्ता – आष्टी तालुका

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून गेल्या रविवारी मी, माझा मुलगा आणि मेंढपाळ घरातले दोघे असे चौघे तारेची चौकट घेऊन माळावर गेलो. दहा ठिकाणचे गवत कापून गच्चीवर आठवडाभर वाळवले आणि किराणा दुकानाच्या काट्यावर तोलले. सरासरी ५५ ग्रॅम भरले. ९० एकर म्हणजे ३६ हेक्टर धरले तर सगळ्या गायरानावर वीस टनांच्या आत गवत आहे आणि त्यातले निम्मे जनावरांचे. गावात १४० मोठी जनावरे आणि पाचशेच्या आसपास शेळ्या-मेंढ्या आहेत. त्यांना रोज सोळाशे किलोंच्या वर लागते. म्हणजे आमच्या गायरानात आज गावाला जेमतेम सहा दिवस पुरेल एवढेच गवत उभे आहे. हा आकडा मी तीन वेळा पडताळून पाहिला. ज्या माळावरून इतके दिवस भांडणे चालली आहेत त्यावर सहा दिवसांचे गवत आहे, हे ऐकून आमच्याबरोबर आलेले मेंढपाळ काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच ओढ्यापलीकडच्या उतारावर नेऊन बोरीच्या जाळीत मारवेलाची बेटे दाखवली. गाठीवरचे पांढरे कडे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिले.

ग्रामसभेत मी चार भागांची सूचना मांडणार आहे आणि त्याआधी त्या बारा घरांची वेगळी बैठक होईल. पहिला बंद भाग म्हणून तो ओढ्यापलीकडचा उतार धरावा का, एवढेच विचारतो.

उत्तर १ चे लेखक

होय, तोच उतार धरावा. काकांनी आपणहून बेटे दाखवली आहेत, तेव्हा त्या भागाची राखणही त्यांच्याच घराकडे द्यावी. पाणवठ्यावर जाणारी वाट दोन्ही बाजूंनी दगड लावून आखून ठेवावी. ओढ्याकाठची वेडी बाभूळ शेंगा पिकण्यापूर्वी मुळासकट काढावी. नुसती तोडली तर बुंध्यातून दुपटीने फुटते, आणि जनावरांनी शेंगा खाल्ल्या तर शेणावाटे तिचे बी सगळ्या गायरानभर जाते.

आपल्या आकड्यात एक दुरुस्ती सुचवतो. ५५ ग्रॅम हे चरून उरलेले गवत आहे, माळावर वर्षभरात एकूण किती उगवते ते नव्हे. पावसाळ्यात चरल्यावरही गवत पुन्हा फुटत राहते. खरे उत्पन्न कळण्यासाठी येत्या जूनमध्ये वेगवेगळ्या दहा जागांवर बोरीच्या फांद्यांचे कुपाटे करून प्रत्येकी एक मीटर जागा झाकून ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये तिथले गवत व शेजारचे उघडे गवत वेगवेगळे तोला. त्या दोन पेंढ्या पुढच्या ग्रामसभेत शेजारी शेजारी ठेवता येतील.